गालिच्याचे पाणी : थंड आणि गरम

गालिचा गरम पाण्याने धुवावा की थंड पाण्याने, हा प्रश्न आज घरोघरी सहज विचारला जातो. पण इराणच्या पठारावर, अनातोलियात किंवा काश्मिरात पिढ्यान्‌पिढ्या गालिचे धुणाऱ्यांपुढे तो या स्वरूपात क्वचितच उभा राहिला असेल. त्यांच्याजवळ पाणी होते ते ओढ्याचे, झऱ्याचे किंवा डोंगरातून भुयारी मार्गाने आणलेल्या कनातीचे, म्हणजे जमिनीखालच्या पाटाचे. आणि एकदा भिजला की दोघा-तिघांना उचलणे जड जावे असा गालिचा बुडेल इतके पाणी तापवायला लागणारे सरपण त्या उघड्याबोडक्या मुलखात परवडणारेच नव्हते. गरम पाण्याचा आग्रह आला तो फार नंतर आणि वेगळ्याच भूगोलात, जेव्हा गालिचा जमिनीला खिळला गेला आणि त्याला पाण्याकडे नेण्याऐवजी पाणी त्याच्याकडे आणण्याची वेळ आली. थंड-गरमाचा हा इतिहास त्यामुळे तापमानापेक्षा गालिच्याच्या मुक्कामाचा आणि त्याच्या धाग्याचा इतिहास आहे, असे म्हणणे अधिक योग्य ठरते.

आधी धाग्याचा विचार करावा लागतो, कारण गालिचा म्हटले की विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो बहुधा लोकरीचाच असे. लोकरीचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली माशाच्या अंगासारखा खवल्यांनी मढलेला दिसतो आणि हे खवले मुळाकडून टोकाकडे एकाच दिशेने कललेले असतात. पाण्यात तंतू फुगतो आणि खवल्यांच्या कडा उचलल्या जातात. अशा स्थितीत तंतू एकमेकांवर घासले गेले, तर ते एकाच दिशेने सरकतात, परत फिरत नाहीत आणि शेवटी एकमेकांत असे अडकतात की त्यांची गच्च, आखडलेली लादी बनते. उष्णता, साबणाचा अल्कधर्मी गुण आणि चोळणे हे तिन्ही एकत्र आले की ही क्रिया झपाट्याने होते. नमदा याच क्रियेने बनवतात. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमाभागात लोकर दाबून जे जाड ‘जेन’ बनवतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. म्हणजे नमदा करणाऱ्याला जे घडवून आणायचे असते, नेमके तेच गालिचा धुणाऱ्याला टाळायचे असते.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. गरम पाणी लोकरीचे शत्रू आहे, असे सरसकट म्हटले जाते. परंतु गिरणीत कच्ची लोकर धुताना ती ५० ते ६० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यातूनच काढतात, कारण मेंढीच्या अंगातून लोकरीवर उतरणारी चरबी साधारण ४० अंशांच्या आसपास वितळते आणि त्याहून थंड पाण्यात ती सुटत नाही. फरक एवढाच की तेथे लोकर ढवळली जात नाही, हलकेच पुढे सरकवली जाते. लोकरीला बाधक ठरते ती उष्णता, अल्क आणि घर्षण यांची युती; त्यांपैकी एखादे अंग वगळले की उरलेली दोन पुष्कळशी सोसली जातात. नदीकाठच्या धुणाऱ्याला गालिचा रगडल्याशिवाय गत्यंतर नव्हते, कारण गाठींच्या मुळाशी बसलेली वाळू रगडल्याशिवाय निघत नाही. त्याने घर्षण ठेवले आणि उष्णता वगळली. हा निर्णय त्याने विचारपूर्वक घेतला की सरपणाच्या टंचाईने त्याच्यावर लादला, हे वेगळे करून दाखवणे कठीण आहे; दोन्ही कारणे एकाच बाजूला ओढत होती, हे मात्र खरे.

भारतातील परिटाच्या व्यवसायात हा विवेक स्पष्ट दिसतो. परिटाची भट्टी म्हणजे खारात भिजवलेले कपडे रचून त्यांना खालून वाफ देण्याची व्यवस्था. त्या वाफेने आणि खाराने कपड्यातला मळ सुटा होई आणि मग घाटावरच्या दगडावर तो आपटून काढला जाई. भट्टी ही सुती कपड्यांसाठी असे. कापूस ही वनस्पतीची देणगी असल्याने खार आणि वाफ या दोहोंना तो दाद देत नाही. लोकर आणि रेशीम हे प्राण्यांचे, प्रथिनांचे तंतू असल्याने तीव्र खारात ते विरघळूही शकतात. लोकरीची शाल किंवा रेशमी पैठणी भट्टीला न लावता रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने खळबळून काढावी, हे घरातल्या बायकांनाही ठाऊक असे. रिठ्याच्या फेसामागे सॅपोनिन हे द्रव्य असते. ते साबणासारखे अल्कधर्मी नसते, थंड पाण्यातही फेस देते आणि जड पाण्यातल्या चुन्याशी संयोग पावून साबणाप्रमाणे चिकट साका धरत नाही. रसायनशास्त्राचे नाव न घेता साधलेली ही निवड आहे.

इराणात रिठ्याची जागा ‘चूबक’ने घेतली होती. चूबक म्हणजे कोरड्या डोंगराळ भागात वाढणाऱ्या एका काटेरी झुडपाचे मूळ. ते वाळवून कुटले आणि पाण्यात घुसळले की रिठ्यासारखाच मऊ फेस येतो, कारण त्यातही सॅपोनिनच असते. तेहरानच्या दक्षिणेला असलेल्या रे या प्राचीन शहरातील चश्मे-अली हा झरा गालिच्यांच्या धुलाईसाठी विसाव्या शतकात छायाचित्रांतून जगभर पोहोचला. झऱ्यावरच्या कड्यात काजार घराण्याच्या फतह अली शाहने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वतःचे आणि आपल्या दरबाराचे शिल्प कोरून घेतले. १९३० च्या दशकात एरिक श्मिट या पुरातत्त्वज्ञाने तेथेच उत्खनन करून काही हजार वर्षांपूर्वीची रंगीत मातीची भांडी उजेडात आणली. राजाची प्रतिमा, प्रागैतिहासिक वस्ती आणि खाली कड्यावर वाळत घातलेले लाल-निळे गालिचे असा तो त्रिवेणी देखावा प्रवाशांना मोह घालणारा होता, यात नवल नाही. धुणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र झऱ्याचे महत्त्व वेगळे होते. तेथे पाणी वाहते होते, उतरता खडक होता आणि माथ्यावर कोरड्या हवेतले ऊन होते.

या तीन गोष्टींवर सगळी धुलाई उभी असे. पहिल्यांदा गालिचा उलटा टाकून मागून बडवला जाई, कारण पाणी लागण्याआधी जेवढी धूळ कोरडी निघेल तेवढी काढली नाही तर तिचा चिखल होऊन ती गाठींत रुतते. मग गालिचा प्रवाहात सोडून भिजवला जाई, त्यावर चूबकचे पाणी किंवा साबण टाकून पायांनी तुडवला जाई आणि नंतर ‘पारू’ नावाच्या, वल्ह्यासारख्या रुंद पात्याच्या लाकडी साधनाने फेस आणि मळ ढकलत काढला जाई. पारू नेहमी लवीच्या दिशेने चालवायचा असतो. लव म्हणजे गालिच्याच्या पृष्ठभागावर उभे राहिलेले गाठींचे मोकळे टोक आणि ते विणताना एका बाजूला कललेले असते. उलट दिशेने पारू ओढला तर लव विस्कटते आणि मळ तिच्या मुळाशी लोटला जातो. स्वच्छ पाणी निघेपर्यंत हे चालते, म्हणजे कधी कधी तासभर आणि अधिकही. शेवटी गालिचा खडकावर पसरून उन्हात वाळवला जाई. वाहत्या पाण्याची खुबी अशी की सुटलेला मळ पुन्हा गालिच्यावर बसायला तेथे उरतच नाही. आणि हे काम बादलीतल्या कढत पाण्याने कधीच साधत नाही.

घराच्या वार्षिक साफसफाईशी ही धुलाई जोडलेली असे. नवरोजच्या आधी इराणी घरांत ‘खाने-तकानी’ होते, म्हणजे घर अक्षरशः झाडून-झटकून काढले जाते, आणि गालिचे धुणे हा तिचा मोठा भाग असतो. महाराष्ट्रातल्या गावांत घटस्थापनेपूर्वी दसरा काढताना गोधड्या, सतरंज्या, जाजमे आणि वाकळा नदीवर नेऊन धुतल्या जातात, त्याची येथे आठवण यावी. दोन्हीकडे ऋतूची निवड व्यवहारी आहे: इराणात वसंताचे वाढते ऊन आणि महाराष्ट्रात पाऊस ओसरून नदीला पाणी आणि आभाळाला ऊन असण्याचा नेमका काळ. काशानजवळच्या मशहद-ए-अर्दहाल येथे तर गालिचा धुणे हा धर्मविधीच आहे. पाचवे इमाम मुहम्मद बाकर यांचे पुत्र सुलतान अली यांच्या हौतात्म्याच्या स्मरणार्थ मेहर महिन्यात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, फीन गावचे लोक हातांत काठ्या घेऊन एक गालिचा मिरवत झऱ्याकडे नेतात आणि प्रतीकरूपाने धुतात. इमामपुत्राचा देह गालिच्यात गुंडाळून नेला गेला, अशी त्यामागची श्रद्धा आहे. युनेस्कोने २०१२ साली ‘कालीशूयान’ या नावाने या विधीचा समावेश मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला.

थंड पाण्याच्या बाजूने आणखी एक कारण पुढे आले आणि ते रंगांचे. मंजिष्ठाचा लाल, इस्पर्क वनस्पतीचा पिवळा आणि नीळ हे जुन्या गालिच्यांतले मुख्य रंग. मंजिष्ठ आणि इस्पर्क तुरटीच्या मदतीने लोकरीत पक्के होतात; तुरटीसारख्या द्रव्याला रंगबंधक म्हणतात, कारण एका हाताने ते तंतूला आणि दुसऱ्या हाताने रंगाला धरते. नीळ मात्र पाण्यात न विरघळणारी असल्याने तंतूत कैद होऊन बसते. चांगल्या रंगाऱ्याने कमावलेले हे रंग पाण्याला भीत नाहीत आणि पुष्कळदा धुलाईने त्यांची झळाळी वाढते. अपवाद लोखंडाच्या क्षाराने साधलेल्या काळ्या-तपकिरी रंगाचा. तो लोकर हळूहळू खातो, आणि म्हणूनच जुन्या गालिच्यात काळ्या रेषांची लव इतर रंगांपेक्षा खोल गेलेली, जणू नक्षी कोरल्यासारखी दिसते.

हे संतुलन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिघडले. १८५६ साली विल्यम हेन्री पर्किन या तरुणाला लंडनमध्ये डांबरापासून निघणाऱ्या ॲनिलिनमधून जांभळा रंग सापडला, तीन वर्षांनी मॅजेंटा आला आणि पुढल्या दोन-तीन दशकांत हे स्वस्त, भडक रंग इराण आणि भारतातल्या मागांपर्यंत पोहोचले. त्यांतले सुरुवातीचे बरेच रंग उन्हात विटत आणि पाण्यात धावत. धावणे म्हणजे लालाचा रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरणे, आणि पाणी जितके गरम तितका तो वेगाने उतरतो. इराणच्या शाहांच्या सरकारने शतकाच्या अखेरच्या दशकांत या रंगांच्या आयातीवर पुनःपुन्हा बंदी घातली. ती पुनःपुन्हा घालावी लागली यातच तिची परिणामकारकता कळून येते.

भारतात या प्रश्नाला तुरुंगांची जोड मिळाली. आग्रा, लाहोर आणि पुण्याजवळचे येरवडा येथील कारागृहांत कैद्यांकडून गालिचे विणून घेतले जात. येरवड्यात विजापूरच्या आसार महालात जपून ठेवलेल्या जुन्या गालिच्यांच्या नकला झाल्या, आणि मुंबई इलाख्यातील गालिचा-विणकामावर एच. जे. आर. ट्विग यांनी लिहिलेला अहवाल १९०७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा हा धंदा अभ्यासाचा विषय होण्याइतपत ओळखीचा झालेला होता. बेळगावात जन्मलेले आणि मुंबईच्या सार्वजनिक जीवनात दीर्घकाळ वावरलेले जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० सालच्या आपल्या भारतीय हस्तकलांवरील ग्रंथात तुरुंगातल्या गालिच्यांवर आणि ॲनिलिन रंगांवर कडक टीका केली. त्यांचा आक्षेप मुख्यतः कलेच्या अधोगतीला होता. पण धुणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर या बदलाने त्याच्या कामाचा पायाच हलवला. पूर्वी गालिचा भिजवण्याआधी विचार करावा लागत नव्हता, आता ओल्या पांढऱ्या फडक्याने प्रत्येक रंग दाबून पाहणे भाग पडले. ही फडक्याची चाचणी आजही कोणत्याही जाणकार धुलाईची पहिली पायरी आहे आणि पाणी गरम घ्यावे की थंड, याचा निकाल बहुतेक वेळा तेथेच लागतो.

रंगांशी झालेल्या झटापटीचे एक विचित्र प्रकरण अमेरिकेत घडले. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे इराणच्या अराक परिसरात विणलेले सारूक जातीचे गालिचे न्यूयॉर्कच्या बाजारात येत. त्यांची जमीन तांबूस-गुलाबी असे आणि अमेरिकी गिऱ्हाइकाला हवी असे गडद, वाइनसारखी लाली. व्यापाऱ्यांनी त्यावर उपाय काढला: गालिचा क्लोरिनयुक्त द्रावणात धुऊन त्याची जमीन फिकी करायची आणि मग ब्रशने हाती रंग भरून ती गडद करायची. क्लोरिनने लोकरीवरचे खवले झिजतात, त्यामुळे तिला रेशमासारखी चमक येते आणि ती आखडण्याची खोडही कमी होते. किंमत अशी की तंतूचा जोम जातो. ही धुलाई थंड पाण्यातच उरकावी लागे, कारण उष्णता मिळाली की क्लोरिनचा मारा आवरता येत नाही. असे रंगवलेले गालिचे पुढे दशकानुदशके अमेरिकी दिवाणखान्यांत वापरले गेले, आणि गंमत अशी की आता त्यांतल्या कित्येकांवरचा तो हाती भरलेला रंग काढून टाकण्याचेही काम जाणकार धुणारे करतात. एरवी विणकाम संपल्यावर चमक आणण्यासाठी करायची सौम्य रासायनिक धुलाई भदोही-मिर्झापूरच्या गालिचा उद्योगातही रूढ आहे.

युरोपात गालिच्याची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. विल्टन आणि ॲक्समिन्स्टर या इंग्रजी गावांत अठराव्या शतकाच्या मध्यात गालिच्यांचे कारखाने निघाले. ॲक्समिन्स्टरला थॉमस व्हिटी याने १७५५ साली आपला पहिला गालिचा विणला. पुढे यंत्रमागावर निघालेल्या पाऊण वार, म्हणजे २७ इंच रुंदीच्या पट्ट्या एकमेकींना शिवून खोलीच्या चारही भिंतींपर्यंत पोहोचवायच्या आणि कडेने खिळे ठोकायचे, अशी पद्धत मध्यमवर्गापर्यंत उतरली. खिळलेला गालिचा नदीवर नेता येत नाही. वर्षातून एकदा खिळे उपटून तो अंगणात दोरीवर टाकून वेताच्या बडवणीने झोडपायचा, एरवी ओलसर चहाचा चोथा पसरून केरसुणीने झाडायचा आणि डाग पडला तर बैलाच्या पित्ताने पुसायचा, एवढीच त्याची निगा असे. चहाचा चोथा धूळ धरून ठेवतो, उडू देत नाही. भारतातून गेलेल्या चहाचा हा उपयोग आसामच्या मळेवाल्यांच्या ध्यानीमनी नसावा.

पाण्याला एवढे दूर ठेवण्यामागे भीती होती ती तळाची. यंत्रावरच्या गालिच्यांच्या तळात ताग वापरला जाई. बंगालचा ताग स्कॉटलंडच्या डंडी शहरात जाऊन कातला-विणला जाई आणि तेथून गालिच्यांच्या कारखान्यांत पोहोचे. ताग जास्त भिजून सावकाश वाळला की त्यातले तपकिरी द्रव्य पाण्याबरोबर वर चढते आणि लवीच्या टोकाशी डाग उमटतो. सोडा किंवा अल्कधर्मी साबण असेल तर हा प्रकार अधिक बळावतो. येथे पाणी गरम की थंड याला दुय्यम महत्त्व आहे. दोष पाण्याच्या प्रमाणाचा आणि वाळण्याच्या अवधीचा असतो. नेमक्या याच अडचणीतून कोरड्या साफसफाईची यंत्रे पुढे आली. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स येथील काचसामानाचा व्यापारी मेलव्हिल बिसेल याने १८७६ साली फिरत्या ब्रशांच्या झाडणी-यंत्राचे पेटंट घेतले. १९०१ साली लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथने हवा खेचून धूळ ओढणारे यंत्र आणले. ते इतके मोठे होते की घोडागाडीवर लादून रस्त्यात उभे करावे लागे आणि त्याच्या लांब नळ्या खिडक्यांतून आत सोडाव्या लागत. सातव्या एडवर्डच्या १९०२ सालच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबेतील गालिचे याच यंत्राने साफ करण्यात आले.

गरम पाणी गालिच्याच्या इतिहासात ठामपणे शिरले ते अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन गावातून आणि तेही सुरुवातीला धुलाईसाठी नव्हे. कॅथरिन इव्हान्स या मुलीने १८९५ साली एक पलंगपोस केला. जाड सुताचे टाके साध्या सुती कापडात घालून त्यांची टोके कापली, म्हणजे ती फुलून येतील, आणि मग कापड गरम पाण्यात धुऊन आखडवले, म्हणजे टाक्यांभोवती ते आवळले जाऊन टाके निसटणार नाहीत. कापडाचे आखडणे, जे धुणाऱ्याला नको असते, त्याचाच तिने कुलपासारखा उपयोग केला. त्या पलंगपोसांपासून डाल्टनचा धंदा उभा राहिला, दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे यंत्राने टाके घातलेले रुंद गालिचे निघू लागले, गाठ मारण्याऐवजी तळाला रबरी चीक लावून टाके चिकटवले जाऊ लागले, आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुताची जागा नायलॉनने घ्यायला सुरुवात केली. आज हे गाव स्वतःला जगाची गालिचा-राजधानी म्हणवते.

नायलॉनने थंड-गरमाचे गणितच पालटले. त्याला खवले नाहीत, तो आखडून लादी बनत नाही, उलट चिरडलेली लव उष्णतेने पुन्हा उभी राहते. याच काळात घरोघरी भिंतीपासून भिंतीपर्यंत बसवलेला गालिचा आला, आणि तो धुण्यासाठी आधी फिरत्या ब्रशाने फेसाळ शांपू लावण्याची यंत्रे निघाली. त्यांचा दोष असा की फेस आतच वाळे आणि त्याच्या चिकट अवशेषावर आठवड्याभरात दुप्पट धूळ बसे. पुढच्या टप्प्यावर, १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून, दाबाखाली गरम पाणी लवीत मारायचे आणि त्याच क्षणी शेजारच्या फटीतून शोषून घ्यायचे, अशी यंत्रे आली. थोड्याच वर्षांत ती गाडीवर बसवली गेली आणि लांब नळीने घरात पोहोचली. लोक या पद्धतीला वाफेची धुलाई म्हणतात, पण तिच्यात वाफ जवळपास नसतेच. असते ते गरम पाणी, आणि नळीतून व फवाऱ्यातून जाताना लवीवर पोहोचेपर्यंत त्याचीही बरीच उष्णता उतरलेली असते. गाडीवरच्या यंत्राची खरी ताकद त्याच्या शोषणात आहे. ओतलेले पाणी जेवढे परत खेचले जाईल तेवढा गालिचा लवकर वाळतो, आणि लवकर वाळला की तळाचा चीक सुटण्याची, बुरशीची आणि डाग वर चढण्याची भीती कमी होते.

जर्मनीतल्या हेंकेल कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट सिनर या रसायनशास्त्रज्ञाने १९५९ साली धुलाईचे जे सूत्र मांडले, त्याने या साऱ्या घटनाक्रमावर चांगला प्रकाश पडतो. धुलाईचे यश वेळ, उष्णता, यांत्रिक क्रिया आणि रसायन या चार गोष्टींच्या बेरजेवर अवलंबून असते आणि एक कमी केली तर उरलेल्यांनी ती तूट भरून काढावी लागते, असे ते सूत्र सांगते. चारही वाटे मिळून एक वर्तुळ होते, म्हणून त्याला सिनरचे वर्तुळ म्हणतात. चश्मे-अलीच्या धुणाऱ्याकडे वेळ आणि हातपायांचे बळ भरपूर होते, म्हणून त्याला उष्णतेची गरज पडली नाही. ताशी मजुरी घेऊन एका सकाळी तीन घरे उरकणाऱ्या अमेरिकी कारागिराकडे वेळ नव्हता, म्हणून त्याने उष्णता आणि दाब विकत घेतले. कृत्रिम डिटर्जंटने दोघांच्याही कामात फरक पडला. चरबीचा साबण गार पाण्यात नीट विरघळत नाही आणि जड पाण्यात साका धरतो. १९३० च्या दशकापासून बाजारात आलेल्या कृत्रिम क्षालकांना या दोन्ही अडचणी नसल्याने, गरम पाण्याशिवाय साबण चालत नाही ही युरोपची जुनी समजूत निराधार झाली.

डागांच्या बाबतीत मात्र तापमानाचा नियम स्पष्ट आहे आणि तो जुन्या-नव्या दोन्ही परंपरांना मान्य आहे. रक्त, दूध, अंडे हे प्रथिनांचे डाग गरम पाण्याने शिजतात आणि तंतूला चिकटून बसतात, म्हणून त्यांना थंड पाणीच हवे. तूप, तेल, मेण यांना ऊब लागते, कारण वितळल्याशिवाय ते हलत नाहीत. नायलॉनचा एक दोष येथे उघडा पडतो. कारखान्यात त्याला आम्लधर्मी रंग उकळत्या तापमानाला देतात, आणि सरबतातले किंवा मिठाईतले लाल रंगही त्याच वर्गातले असल्याने सांडलेल्या सरबतावर गरम पाणी टाकणे म्हणजे गालिचा पुन्हा रंगवणेच होय. ड्यूपाँट कंपनीने १९८६ साली स्टेनमास्टर या नावाने डागरोधक लेप दिलेला नायलॉनचा गालिचा बाजारात आणला, तो याच दुखण्यावरचा इलाज म्हणून.

हातविणीच्या लोकरी गालिच्याला गाडीवरच्या यंत्राचे पाणी कधीही मानवले नाही, असे म्हणता येत नाही. सौम्य, किंचित आम्लधर्मी क्षालक आणि कोमट पाणी असेल तर तो तेही सोसतो. धुऊन झाल्यावर पाण्यात थोडे व्हिनेगर टाकून खळबळण्याची पद्धत यासाठीच आहे, कारण लोकर किंचित आम्लधर्मी स्थितीत सर्वांत स्थिर असते आणि उरलेला अल्क त्याने मारला जातो. तरीही संग्रहालयांतले जतनतज्ज्ञ जुन्या गालिच्याला मऊ, क्षारमुक्त आणि थंड ते कोमट या पल्ल्यातलेच पाणी देतात. रशियाच्या हर्मिटाज संग्रहालयातील पाझिरिक गालिचा सुमारे दोन हजार चारशे वर्षांचा आहे. १९४९ साली सर्गेई रुदेन्को यांनी तो अल्ताय पर्वतातल्या थडग्यातून काढला, आणि तो टिकला याचे कारण थडगे लुटारूंनी फोडल्यावर आत झिरपलेले पाणी गोठून राहिले. जुन्या लोकरीच्या हितचिंतकांनी थंडपणाची बाजू घ्यावी, याला एवढा मोठा पुरावा पुरेसा आहे.

थंड पाण्याची परंपरा अजून पुरती मोडलेली नाही. फिनलंडच्या हेलसिंकी शहरात चिंध्यांचे विणलेले पट्टे उन्हाळ्यात समुद्रकाठच्या लाकडी धक्क्यांवर आणून, पाइनच्या तेलापासून केलेला साबण आणि ब्रश घेऊन धुण्याचा रिवाज आहे. साबणाचे पाणी थेट समुद्रात जाऊ नये म्हणून अलीकडे काही धक्के काठावर सरकवून गटाराला जोडले गेले. इराणात नदीवरचे बरेचसे काम आता ‘कालीशूई’ म्हणवल्या जाणाऱ्या कारखान्यांत गेले आहे. तेथे लांबलचक फरशीवर नळाच्या पाण्याने गालिचे भिजवले जातात, फिरते ब्रश जुन्या पायांचे काम करतात, पण पारू अजून हातातच असतो. धुऊन झालेला गालिचा गुंडाळून लांब पिंपासारख्या यंत्रात वेगाने फिरवतात, म्हणजे त्यातले बहुतेक पाणी झटकून निघते, आणि मग त्याला ‘गर्मखाने’ नावाच्या उंच, बंद, तापवलेल्या खोलीत कप्पीने वर चढवून टांगतात. सरपणाअभावी पूर्वी जी उष्णता धुलाईला कधी मिळाली नाही, ती आता वाळवणीला दिली जाते.